कल्चरमधला विषाणू ‘टकला’ दिसतोय: काटे नेमके कुठे गळतात ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. फ्लास्कमध्ये विषाणू छान वाढलाय, पेशी एकमेकींत मिसळून मोठाल्या झाल्यात, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात ओळखायची चाचणी) न्यूक्लिओकॅप्सिडची, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाची, पट्टी ठळक आहे. ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये गेली की मात्र पडद्यावर नुसते गुळगुळीत गोळे, एकावरही काटा, म्हणजे कणाच्या पृष्ठभागातून बाहेर आलेलं प्रथिन, नाही. पुढच्या खेपेला आपल्या मते काहीच बदललेलं नसतं आणि कणांभोवती दाट झालर दिसते. त्यानंतर पुन्हा दोन खेपा टकल्या.

समस्येपेक्षा तिचं हे येणं-जाणं जास्त छळतं. कायमची चूक असती तर एका आठवड्यात सापडली असती. माऊस हेपटायटिस विषाणूच्या ए५९ प्रकारावर काम करताना हा प्रकार मी जवळजवळ चार महिने सोसला. हा उंदरांचा कोरोनाविषाणू आहे, माणसाला तो होत नाही, म्हणून शिकायला आणि हात बसवायला चांगला. त्या चार महिन्यांत मी स्टेन (कणांना उठाव देणारं जड धातूच्या क्षाराचं द्रावण) बदलला, ग्रिड बदलल्या, सेंट्रिफ्यूजचा रोटर बदलला. सगळे बदल एकाच वेळी आणि घाईत केले, त्यामुळे कशाचा गुण आला आणि कशाचा नाही ते कळायला मार्गच उरला नाही. पुढचं सगळं लिहितेय ते तुमचे ते महिने वाचावेत म्हणून.

काटे हरवायच्या जागा मोजक्या आहेत. कण पेशीतूनच काट्याविना बाहेर पडू शकतो. फ्लास्कमध्ये किंवा काढून ठेवलेल्या नळीत काटे गळू शकतात. सेंट्रिफ्यूज, फिल्टर, गोठवणं यांत तुटू शकतात. ग्रिडवर स्टेनमुळे बिघडू शकतात. शिवाय काटे जागच्या जागी असतात आणि आपल्याला दिसत नाहीत, असंही होतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी यातली कुठली जागा आपली, हे ठरवायला हवं.

किती काटे दिसायला हवेत?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. आपल्या मनात पाठ्यपुस्तकातलं चित्र असतं, चेंडूवर दाटीवाटीने टोचलेल्या टाचण्यांचं. कोरोनाविषाणूचा काटा साधारण २० नॅनोमीटर लांब, देठाशी बारीक आणि टोकाला फुगीर असतो. जून अल्मेडा आणि डेव्हिड टायरेल यांनी १९६७ मध्ये ऑर्गन कल्चरमध्ये वाढवलेल्या श्वसनमार्गाच्या विषाणूंची चित्रं छापली, त्यांत हीच झालर होती. सूर्याच्या प्रभामंडलाशी असलेल्या तिच्या साम्यावरून १९६८ मध्ये या कुळाला ‘कोरोना’ नाव मिळालं. ही झालर नेहमीच दाट असते असं मात्र नाही. सार्स-कोव्ह-२ वर २०२० मध्ये झालेल्या एका क्रायो-टोमोग्राफीच्या (गोठवलेल्या कणाचं त्रिमितीय चित्र काढायची पद्धत) मोजणीत एका कणावर सरासरी २४ काटे भरले, कमी-जास्त ९ धरून. कणाचा व्यास सरासरी ९१ नॅनोमीटर होता. गणित करून बघा: पृष्ठभाग सुमारे २६,००० चौरस नॅनोमीटर, म्हणजे एका काट्याच्या वाट्याला जवळपास ३३ नॅनोमीटर बाजूचा चौरस. काटे इतके विरळ असतात. त्यातही निगेटिव्ह स्टेनमध्ये जे कणाच्या कडेला येतात तेच स्पष्ट दिसतात, पोटावरचे स्टेनमध्ये विरघळल्यासारखे होतात. कडेला चार-पाच काटे असलेला कण टकला नसतो. पहिल्या महिन्यात असे कितीतरी कण मी टकल्यांत मोजले होते.

विषाणू बदलला की अपेक्षाही बदलते. इन्फ्लुएन्झाच्या कणावर काही शे काटे असतात, १३-१४ नॅनोमीटर लांबीचे आणि खेटून उभे. त्याची कड गुळगुळीत दिसली तर नक्कीच काहीतरी चुकलंय. उलट एचआयव्हीच्या कणावर सरासरी १४ च्या आसपासच काटे, त्यामुळे तिथे जवळपास उघडा कण दिसणं अगदी साहजिक. अॅडेनोविषाणूचे तंतू बारा कोपऱ्यांतून निघतात, पण चांगल्या ग्रिडवरही सगळे कधी दिसत नाहीत. पोलिओच्या विषाणूला काटेच नसतात. कोरोनाविषाणूंमध्येही फरक आहे. गाईंच्या कोरोनाविषाणूवर लांब काट्यांच्या खाली हीमॅग्लुटिनिन-एस्टरेजची दुसरी, आखूड झालर असते. ए५९ मध्ये त्या प्रथिनाचा जीन बिघडलेला असल्याने ती नसते. माझ्या शेजारी बसणारी मुलगी ही आखूड झालर ए५९ वर शोधत होती आणि आपला नमुना खराब आहे असं धरून चालली होती.

ते विषाणूच आहेत ना?

पेशी स्वतःही पुटिका बाहेर टाकत असतात. एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात, आणि कोरोनाविषाणूचा आकार नेमका त्याच पट्ट्यात बसतो. पेशींच्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) घालतात त्या वासराच्या सीरममध्येही अशा पुटिका भरपूर असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये त्या विषाणूसोबतच खाली बसतात, आणि ग्रिडवर दिसतात गोल, गुळगुळीत, बिनकाट्याच्या. आपण त्यांना टकला विषाणू म्हणतो.

यावर उपाय एकच आणि तो टाळता येत नाही. त्याच दिवशी पेरलेला, त्याच बाटलीतलं सीरम घातलेला, पण विषाणू न टाकलेला फ्लास्क प्रत्येक खेपेला सोबत चालवायचा आणि शेवटच्या ग्रिडपर्यंत न्यायचा. हा फ्लास्क मी सुरुवातीला वेळ वाचवायला वगळला होता. नंतर चालवला तेव्हा त्याच्या ग्रिडवरही माझे ‘टकले विषाणू’ हजर होते. सगळे नव्हेत, पण माझी आधीची मोजणी फेकून द्यावी लागेल इतके.

वाळताना पुटिका बऱ्याचदा मधे खोलगट, वाटीसारख्या होतात, त्यावरून थोडा अंदाज येतो. तेवढ्यावर विसंबू नका, विषाणूचा कणही कधी असा दबतो. खात्री हवी असेल तर सोन्याचे कण लावलेली अँटिबॉडी वापरा. इथे बरेच जण हमखास एक चूक करतात: काट्याविरुद्धची अँटिबॉडी घेतात. काटाच नसेल तर ती चिकटणार कशाला? विषाणूच्या आवरणातल्या एम प्रथिनाचं जे टोक कणाबाहेर डोकावतं, त्याविरुद्धची अँटिबॉडी हवी. गोळा गुळगुळीत आहे आणि त्यावर एम चं सोनं बसलंय, तर तो खरोखर काटे गमावलेला विषाणू.

सीरम शक्य तेवढं कमी करा. पेशी मानवत असतील तर संसर्गानंतरचे तास बिनसीरमच्या मीडियममध्ये काढा. सीरममधलं अल्ब्युमिन काट्यांच्या मधल्या फटी भरून टाकतं, त्यामुळे काटे असूनही कड एकसंध दिसते.

स्टेन, ग्रिड आणि फोकस

निगेटिव्ह स्टेनिंग ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९ मध्ये रुळवलं. पद्धत इतकी सोपी आहे की तिच्याकडे लक्ष द्यायचंच राहून जातं. कणाभोवती जड धातूचा क्षार वाळतो, कण उजळ दिसतो आणि काटे त्या काळ्या पार्श्वभूमीत पांढऱ्या रेषा होतात. म्हणजे काटा दिसणं-न दिसणं त्या वाळलेल्या थराच्या जाडीवर अवलंबून. थर जाड झाला तर काटे बुडतात, पातळ झाला तर कण चपटा होतो आणि काटे त्याला चिकटून बसतात. एकाच ग्रिडच्या शेजारशेजारच्या चौकोनांत दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून पहिल्या चौकोनावरून निकाल देऊ नये. कमी मॅग्निफिकेशनला अख्खी ग्रिड फिरा, मध्यम करडे चौकोन हेरा, आणि निदान पाच चौकोन बघितल्यावरच मत बनवा.

युरेनिल अॅसिटेटचा पीएच सव्वाचार ते साडेचारच्या आसपास असतो. फॉस्फेट बफरशी त्याचा साका बनतो, आणि मग ग्रिडवर काळे खडे आणि सुया पसरतात. पीबीएसमधला (फॉस्फेटचं मिठाचं द्रावण) नमुना असेल तर स्टेनआधी धुवा. धुण्यासाठी मी शुद्ध पाण्यापेक्षा अमोनियम अॅसिटेटचं सौम्य द्रावण पसंत करते. ते वाळताना उडून जातं आणि पाण्याने कणाला बसणारा ऑस्मोटिक धक्काही वाचतो. आम्लाला घाबरणारा विषाणू असेल, आणि इन्फ्लुएन्झा त्यातला पहिला, तर युरेनिलसोबत पीएच ७ ला आणलेल्या फॉस्फोटंगस्टिक आम्लाची किंवा अमोनियम मॉलिब्डेटची एक ग्रिड जरूर करा. दोन्हींवर सारखंच चित्र आलं तर स्टेनवरचा संशय मिटला, पुढे सरका.

कुशनचं (सेंट्रिफ्यूजच्या नळीत विषाणूखाली देतात त्या साखरेच्या थराचं) सुक्रोज नमुन्यात राहिलं असेल तर इलेक्ट्रॉनच्या झोताखाली ते उकळल्यासारखं फुगतं आणि सगळी बारीक रचना पुसून टाकतं. डायलिसिस करा किंवा बफरमध्ये एकदा धुऊन घ्या. ग्लो डिस्चार्ज केलेली, म्हणजे थेंब पसरावा म्हणून विद्युतभारित वायूने पृष्ठभाग तयार केलेली, ग्रिड लगेच वापरा, दुसऱ्या दिवशी तिच्यावर थेंब पसरत नाही.

फोकसबद्दल एवढंच: नेमक्या फोकसला काट्यांना उठाव मिळत नाही, किंचित अंडरफोकस लागतो. ५०,००० पटीच्या आसपास बघा, अॅस्टिग्मॅटिझम काढा. आपल्या डोळ्यांवर आणि यंत्रावर भरवसा बसावा म्हणून तंबाखूच्या मोझॅइक विषाणूची एक ग्रिड कायम हाताशी ठेवा. त्याची काडी १८ नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तुमच्या काट्याच्या लांबीच्या जवळपास. त्या काडीची कड आणि मधली पोकळी स्वच्छ दिसते आणि तुमच्या विषाणूचे काटे दिसत नाहीत, तर दोष मायक्रोस्कोपचा नाही.

प्रत्येक टप्प्याचा थेंब

आता मुख्य गोष्ट. एवढी एकच करायची ठरवलीत तरी चालेल.

आपण शेवटचा, शुद्ध केलेला नमुना बघतो आणि त्यावरून मागे तर्क करत बसतो. त्याऐवजी वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर नमुन्याचे दोन भाग बाजूला काढा: फ्लास्कमधून काढल्याबरोबर, कमी वेगाच्या सेंट्रिफ्यूजनंतर, फिल्टरनंतर, कुशनमधून खाली बसवलेला पेलेट (नळीच्या तळाशी जमलेला साका) पुन्हा विरघळवल्यावर, आणि गोठवत असाल तर वितळल्यावर. दोनांतला एक भाग तिथल्या तिथे १ टक्का ग्लुटाराल्डिहाइडने फिक्स करा, दुसरा तसाच पुढे जाऊ द्या.

फिक्स केल्यावर काट्यांतल्या आणि आसपासच्या प्रथिनांचे जोड पक्के होतात. त्यानंतरच्या धक्क्यांनी काटे सहसा गळत नाहीत. म्हणजे फिक्स केलेला भाग त्या क्षणाचं चित्र जपून ठेवतो. फ्लास्कमधला द्रव पातळ असतो, ग्रिडवर कण सापडत नाहीत, ही अडचणही याने सुटते. आधी फिक्स करा आणि मग खुशाल सेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट करा.

लवकर फिक्स केलेल्यात काटे आहेत आणि उशिरा फिक्स केलेल्यात नाहीत, तर काटे मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर गळले. कुठला टप्पा, ते ग्रिडच सांगतात. अगदी पहिल्या थेंबातही काटे नसतील तर सेंट्रिफ्यूज, फिल्टर, गोठवण, स्टेन हे सगळे संशयित एका झटक्यात सुटले. मग चौकशी फ्लास्कची आणि पेशीची.

एक सावधगिरी. बफरमध्ये ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर आल्डिहाइड त्यांच्याच अमिनो गटांशी जोडून संपतं, विषाणूपर्यंत पुरेसं पोचत नाही. तुम्हाला वाटतं फिक्स केलं, आणि प्रत्यक्षात झालेलंच नसतं. हेपिस, कॅकोडायलेट किंवा फॉस्फेट वापरा. आमच्या सामायिक शेल्फवरचा ‘विषाणू बफर’ ट्रिसचा होता. लेबलवर तसं लिहिलेलं नव्हतं. तो कोणी आणि कशाचा बनवला होता हे विचारण्यात माझे दोन दिवस गेले.

मोजणीही शिस्तीने करा. नळ्यांवर सांकेतिक खुणा दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या, म्हणजे कुठली खेप ‘चांगली’ ते बघताना कळणार नाही. प्रत्येक ग्रिडवर १०० कण, तीन गटांत: झालर पूर्ण, झालर तुटक, टकला. बारीक सुईसारखे काटे दिसले तर त्यांचा चौथा गट करा. सार्स-कोव्ह-२ चा विषाणू बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केल्यावर असे सुईसारखे, म्हणजे पेशीत शिरल्यानंतरच्या रूपातले काटे दिसल्याचं २०२० मध्ये छापून आलंय. निष्क्रिय करायची रीत बदलली की काट्याचं रूपही बदलू शकतं. त्या गटाला टकल्यांत ढकललं तर खरं कारण हातचं जाईल.

सेंट्रिफ्यूज आणि पिपेट

पहिला थेंब झालरीचा आणि पेलेटनंतरचा टकला, असं निघालं तर बहुतेक वेळा हाताची घाई नडलेली असते. नळीच्या कडक बुडावर १,००,००० जी ने आपटलेला विषाणू वर-खाली पिपेट करून सोडवायचा म्हणजे काटे ओरबाडून काढणंच. २० टक्के सुक्रोजची कुशन द्या. पेलेटवर थोडा बफर घाला, नळी तिरकी ठेवून ४ अंशांवर रात्रभर मुरू द्या. सकाळी रुंद तोंडाच्या टिपने दोनदा हलकेच फिरवलं की पुरतं. फेस आला तर पिपेट जोरात चाललंय असं समजा. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही प्रथिनं उलगडतात.

गोठवलेला नमुना रचना बघायला वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लाक (विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोकं) मोजायला तो चालतो, कारण तिथे वाचलेले थोडे कणही पुरतात. इथे आपण प्रत्येक कणाकडे बघतोय. ताजा नमुना बघा, नाहीतर फिक्स करून ४ अंशांवर ठेवा.

माझ्या बाबतीत काय निघालं

थेंबांची पद्धत लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात चित्र पालटलं. चांगल्या खेपेत पाचही थेंबांत झालर होती. वाईट खेपेत अगदी पहिल्या थेंबातही नव्हती, आणि कण एकमेकांना चिकटून घोळके करून बसले होते. म्हणजे ज्या सेंट्रिफ्यूजवर मी इतके दिवस डूख धरून होते त्याचा काही संबंध नव्हता. फ्लास्क इन्क्युबेटरमधून बाहेर आल्यापासून पहिला थेंब काढेपर्यंतच्या वेळात काहीतरी होत होतं.

वही चाळली, त्यात वेगळं काही नव्हतं. मग फोनमधले फोटो बघितले. नळ्यांवरची लेबलं लक्षात राहावीत म्हणून प्रत्येक खेपेला स्टँडचा एक फोटो काढायची मला सवय आहे. लेबलांकडे न बघता द्रवाकडे बघितलं तेव्हा कळलं. चांगल्या खेपांतला मीडियम लालसर केशरी होता. वाईट खेपांतला गडद गुलाबी, जांभळटपणाकडे झुकलेला.

मीडियममधला फिनॉल रेड तोच तर सांगत असतो. ७.४ च्या आसपास लाल, त्याखाली केशरी आणि मग पिवळा, ८ च्या पुढे जांभळट गुलाबी. बायकार्बोनेटच्या मीडियमचा पीएच इन्क्युबेटरमधल्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने टिकतो. फ्लास्क बाहेर आला की वायू उडून जायला लागतो आणि मीडियम अल्कधर्मी होत जातो. ज्या दिवशी मायक्रोस्कोपची वेळ दुपारची मिळायची, त्या दिवशी सकाळी काढलेला द्रव मी अर्ध्या भरलेल्या, सैल झाकणांच्या नळ्यांत ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवत असे. विषाणूला ऊब बरी, असा माझा समज. पीएचची पट्टी बुडवली तर ती ८ च्या वर गेली.

आणि ए५९ च्या बाबतीत हे आधीपासून माहीत असलेलं आहे. लॉरेन्स स्टर्मन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की पीएच ८ आणि ३७ अंश ही जोडी जमली की काट्याचा बाहेरचा अर्धा भाग, एस१, सुटून द्रवात जातो, उरलेल्या एस२ चं रूप बदलतं आणि कण एकमेकांना चिकटतात. माझ्या ग्रिडवरचे टकले घोळके म्हणजे हेच होतं. किंचित आम्ल पीएचला हाच विषाणू कितीतरी जास्त टिकतो. मी उबेत ठेवून त्याची जपणूक करतेय असं समजत होते आणि नेमकी तीच जोडी जुळवून देत होते.

खात्री करायला एकाच फ्लास्कमधल्या द्रवाचे दोन भाग केले. एक पीएच ६.५ ला आणून बर्फावर, दुसरा पीएच ८ ला आणून ३७ अंशांवर, दोन्ही अर्धा तास. मग दोन्ही फिक्स केले आणि ग्रिडवर घातले. पहिल्यात झालर, दुसऱ्यात घोळके. त्या दिवशी खोलीतला दिवा लावायचंही भान राहिलं नाही, अंधारातच बसून मी दोन्ही ग्रिड पुन्हा पुन्हा बघत होते.

तेव्हापासूनची रीत अशी. नळ्या बर्फावर आधीच गार करून ठेवायच्या. द्रव काठोकाठ भरायचा, वर हवा राहू द्यायची नाही, झाकण घट्ट. संसर्गानंतरच्या मीडियममध्ये हेपिस घालायचं, म्हणजे फ्लास्क पाच मिनिटं बाहेर राहिला तरी पीएच पळत नाही. काढल्याबरोबर पीएच ६.५ च्या आसपास आणायचा. आणि वहीत प्रत्येक टप्प्याला द्रवाचा रंग लिहायचा.

ही रीत डोळे मिटून दुसऱ्या विषाणूला लावू नका. पीएच साडेपाचच्या खाली जाऊ लागला की इन्फ्लुएन्झाचा हीमॅग्लुटिनिनचा काटा रूप बदलतो आणि परत येत नाही, त्याला आम्लापासून जपायचं. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा जी प्रथिनाचा काटाही आम्लात बदलतो, पण पीएच पुन्हा वाढवला की मूळ रूपावर येतो. आपल्या विषाणूचा काटा पीएचच्या कुठल्या बाजूला नाजूक आहे ते कामाला लागण्याआधी वाचून घ्या. मी ते चार महिन्यांनी वाचलं.

पेशीतूनच टकला आला तर

पीएच सांभाळला, थंडावा राखला, पहिला थेंब लगेच फिक्स केला, तरी टकलेच कण जास्त असतील तर पेशीकडे वळा. कोरोनाविषाणूचा कण बनायला काट्याची गरज नसते. आवरणातली एम आणि ई ही दोन प्रथिनं असली तरी कणाची खोळ तयार होते. काट्याचं प्रथिन कमी पडलं किंवा पेशीच्या आत अडकलं, तरी कण बाहेर पडतच राहतात, फक्त उघडे. ट्युनिकामायसिन घालून काट्याला लागणाऱ्या साखरेच्या साखळ्या रोखल्या तर माऊस हेपटायटिस विषाणूचे कण बिनकाट्याचे निघतात, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे.

इथे वेस्टर्न ब्लॉट कामाला येतो. नुसती काट्याची पट्टी बघू नका, न्यूक्लिओकॅप्सिडशी तिचं प्रमाण बघा, आणि तेही दोन ठिकाणी: पेशींच्या अर्कात आणि बाहेर पडलेल्या कणांत. पेशीत प्रमाण ठीक आणि कणांत कमी, तर काटा आत अडकतोय किंवा बाहेर आल्यावर गळतोय. गळतोय का ते सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेल्या द्रवात एस१ शोधून कळतं. ए५९ मध्ये एस१ आणि एस२ दोन्ही ९० किलोडाल्टनच्या जवळ धावतात, जेलवर एकच पट्टी दिसते. दोघांसाठी वेगळ्या अँटिबॉडी नसतील तर या ब्लॉटवरून काहीच ठरणार नाही.

काढणीची वेळही बघा. ए५९ मी संसर्गानंतर १६ तासांच्या आसपास काढते. बऱ्याच पेशी फुटून गेल्यावर काढलं तर द्रवात पेशींचे तुकडे आणि प्रोटिएज भरपूर असतात. जास्त विषाणू मिळेल म्हणून आणखी सहा तास थांबायचा मोह होतो, तेव्हा आपल्याला संख्या हवीय की रचना, ते आधी ठरवा.

पॅसेजची संख्याही, म्हणजे विषाणू नव्या पेशींत कितव्यांदा वाढवलाय तेही, मोजा. कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा वाढवलेला विषाणू त्या पेशींना जुळवून घेतो, आणि बदल बऱ्याचदा काट्यातच होतात. व्हेरो पेशींत वाढवलेल्या सार्स-कोव्ह-२ मध्ये फ्युरिनची जागा (काट्यातला, फ्युरिन हे एन्झाइम जिथे कापतं तो भाग) गळून गेल्याची उदाहरणं अनेकांनी नोंदवली आहेत. तुमचा साठा कितव्या पॅसेजचा आहे ते सांगता येत नसेल तर काट्याच्या जीनचं सिक्वेन्सिंग करून घ्या आणि कमी पॅसेजचा जुना साठा उघडा. पेशींची मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये नकळत वाढणारा जीवाणू) चाचणीही याच वेळी उरकून टाका.

पातळ काप बघणाऱ्यांसाठी थोडं. पेशीच्या कापात विषाणूचे काटे निगेटिव्ह स्टेनसारखे उठून दिसत नाहीत, टॅनिक आम्ल वापरलं तर बरेच उठाव घेतात. आणि पेशीतल्या क्लॅथ्रिनच्या आवरणाच्या पुटिकांना काटेरी विषाणू समजण्याची चूक २०२० नंतर छापील चित्रांतही बरीच झाली. ओळखायचं असं: क्लॅथ्रिनची झालर पेशीद्रवाच्या बाजूला असते. कोरोनाविषाणू मात्र पेशीत पोकळीच्या आत बसलेला असतो, त्याचे काटे त्या पोकळीत असतात, आणि कणाच्या पोटात न्यूक्लिओकॅप्सिडचे काळे ठिपके दिसतात.

माझ्या ग्रिडवर आजही १०० कणांत काही टकले सापडतात, अगदी चांगल्या खेपेतही. त्यांच्यावर एम चं सोनं बसतं, म्हणजे ते विषाणूच आहेत. पहिल्या फिक्स केलेल्या थेंबातही ते असतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत त्यांची संख्या फारशी वाढत नाही. ते पेशीतूनच तसे आले असावेत असं मी धरते आणि प्रत्येक खेपेचा तो पहिल्या थेंबाचा आकडा वहीत वरच्या ओळीत लिहून ठेवते. पुढचे सगळे थेंब त्याच्याशी ताडून बघायचे असतात.